पहिली पंधरा मिनिटं

मेडिकलच्या वॉर्डात मे महिना कूलरसकट भाजतो.
पिशवी तेवढी गार आली, थर्माकोलच्या डब्यातून,
बी पॉझिटिव्ह, शेवटचे आकडे चारशे बारा,
मुदतीला नऊ दिवस बाकी.

नाव मी वाचलं, मग बोरकर सिस्टरने वाचलं,
मग पोरीलाच विचारलं.
"सोनल झनकलाल कुमरे. देवलापार. सहावी पास."
पास लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

थेंब सुरू झाले.
पहिली पंधरा मिनिटं मी पलंग सोडत नाही,
कुणी कितीही हाका मारो.
नाडी. ताप. बीपी. परत नाडी.
सिकलच्या कळांनी दोन रात्री जागलेली पोर
थेंब मोजता मोजता पेंगायला लागली.

नवव्या मिनिटाला डोळे उघडून म्हणाली,
"गोधडी द्या न जी."

बाहेर पंचेचाळीस.
डांबर चपलेला चिकटतंय,
आणि हिचे दात वाजताहेत.

आधी क्लॅम्प बंद, मग डॉक्टरांना हाक.
हे उलट्या क्रमाने झालेली एक दुपार मला माहीत आहे.
ती मी सांगत नाही.

नवी नळी, सलाईन, इंजेक्शन.
"पाठ दुखते का? छातीत?"
"लघवीचा रंग बघा," डॉक्टर म्हणाले.
पिवळी. नुसती पिवळी.
भांडं हातात धरून मी उगाच हसले.

तासाभराने ताप उतरला.
बाप तेव्हापासून दाराशी उभा.
"थे माह्यंच होतं काय जी? सकाळी देल्लं थे?"
"नाही हो. तुमचं अजून खाली, तपासायचं आहे."
त्याने टॉवेलाने मान पुसली, परत पुसली.
"मागच्या हप्त्यात ताप होता मले.
कागदावर म्या लिवलं नाही.
लिवलं असतं तं घेतलं नसतं न जी त्यायनं,
अन् पोरीले भेटलं नसतं."

मी त्याच्यासमोरच फोन उचलला.
"सकाळची कुमरेंची पिशवी बाजूला ठेवा."
कारण सांगताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

अर्धी उरलेली चारशे बारा
नळीसकट परत खाली पाठवली, चिठ्ठी लावून.
ती ज्याची, तो आता कुठे असेल,
इतवारीत, खाप्यात, ऑफिसात, उन्हात;
तब्येत ठणठणीत,
बिस्किटाचा पुडा कधीच संपवलेला.
त्याचं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी दुसरी पिशवी आली.
नाव मी वाचलं.
बाप आत आला नाही.
पोरीने आधीच गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली होती
आणि माझ्या घड्याळाकडे बघत होती.