पोचा

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मेहिकालीत
गाड्या आपापला आकार सोडू लागतात.

आधी दाराकडेची रबरी पट्टी,
टोकापासून सुटते, वर वळते
वाळत टाकलेल्या संत्र्याच्या सालीसारखी.
मग आरशाचं काळं कवच मान टाकतं.
मग बंपर. दोन क्लिपांच्या मधे पोट सुटतं त्याचं.
हेडलाइटला मोतीबिंदू होतो.

मी पहाटे चारला शटर उघडतो, अकराला ओढून घेतो.
तेवढ्यात जे सरळ होईल ते सरळ.
लोक चिडतात : एलेउतेरियो, कंपनीनं हे असलं बनवलंच कसं?
मी म्हणतो, बनवलं तिथे सावली असेल.

दोमितिला आली ती अंधारातच,
टीव्हीच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून,
केसांवर कागदी टोपी तशीच.
करडी जुनी सेडान,
बॉनेटवरचा लेप सोलवटलेला, दूध नासल्यासारखा.
मी उकिडवा बसलो, बोटांनी वाचत गेलो :
पट्टी बदलावी लागेल. आरसा दोन स्क्रूंवर बसेल.
मागच्या बंपरचा डावा कोपरा लोंबलाय,
उकळतं पाणी ओतून, आतून गुडघा लावून

ती म्हणाली, ते राहू दे.
इथे पोचा होता.

उजव्या कोपऱ्यावर तिनं तळवा ठेवला.
एवढा. वाटीएवढा.
निकानोरनं पाडलेला, गाडी शिकताना,
दवाखान्यामागच्या खांबावर.
मी ओरडले होते त्याला. रस्त्यात. सगळ्यांसमोर.

निकानोर तिचा धाकटा भाऊ.
चार वर्षांपूर्वी कालव्यापलीकडच्या वाळूत चालत गेला,
दोन कॅन पाणी आणि शेजाऱ्याची निळी टोपी घेऊन.
शेजाऱ्यानं टोपी कधी मागितली नाही.

आठवडाभर गाडी कारखान्याच्या उघड्या मैदानात होती.
एकोणपन्नास अंश, कधी पन्नास.
परवा बघते तर कोपरा गुळगुळीत.
कुणी हात लावला? तू लावलास?

नव्हता लावला. पण मला ठाऊक होतं.
हे प्लास्टिक ज्या साच्यातून निघतं
त्याच्याकडे त्याची ओढ असते.
पुरेसं तापलं की पोचा आतून बाहेर येतो,
टक्. एवढाच आवाज.
भर दुपारी, मैदानात चिटपाखरू नसताना.
याच कामाचे मी तीनशे पेसो घेतो.

हे तिला सांगितलं नाही.
तिनं विचारलं, परत पाडता येईल?

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं हे.
लाकडी हातोडा उचलला. ठेवला.
टाचेनं बघू म्हटलं. नको वाटलं.
मग मीच विचारलं, खांब आहे अजून?

खांब होता.
गुडघ्याच्या उंचीवर बोटभर करडा रंग,
वर कुणीतरी हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात चिकटवलेली.
मी बाजूला उभा राहिलो, हातानं खुणा करत,
ये, ये, अजून ये, जसं शिकाऊ पोराला करतात.
ती दर वेळी वीतभर आधीच थांबायची.
उजाडत होतं. दवाखान्याचा पहारेकरी बाहेर आला,
त्यानं बघितलं, काही न बोलता आत गेला.
सहाव्या खेपेला लागला.

तेवढाच नाही. बंपर ओघळल्यामुळे दोन बोटं वर,
आणि थोडा लांबट.
तिनं त्यावर अंगठा फिरवला. चालेल, म्हणाली.

पैसे काढू लागली, मी घेतले नाहीत.
म्हटलं, सावलीत लावत जा.
ती माझ्याकडे बघत राहिली.
या गावात सावली म्हणजे कुणाची तरी मालकी.

माझ्या शेडखाली एकच गाडी मावते.
आता तिथे करडी सेडान असते, मागचा भाग भिंतीकडे,
वर ओलं गोणपाट.

माझा ट्रक रस्त्यावर.
त्याच्या आरशानं मान टाकलीय.
मागून कोण येतंय ते दिसत नाही त्यात,
नुसतं माझंच चाक, आणि वितळलेल्या डांबराचा तुकडा.
स्क्रू आणून ठेवलेत. बसवीन कधीतरी.