डबल टाका

लाईट गेली की आमच्या शेडमध्ये
आधी माग गप्प होतात, मग पंखा,
मग शमशाद म्हणते, "सांग की गं, जयगडचं."
ती स्वतः होती जयगडला.
तरी.

भिशी लागली होती महानंदाला.
म्हणाली, कपाट नको, समुद्र बघू.
नागमणीनं घरी सांगितलं, तिरुपतीला जायलाव.
प्रसादाचं काय, ते परतताना बघू.

अक्कलकोट रोडवर टॉवेल शिवणाऱ्या आम्ही चौघी,
रात्रीच्या एसटीत मागच्या सीटवर.
मिरजेच्या पुढं शेंगाचटणी निघाली, कडक भाकरी.
कंडक्टरनं तिकीट तपासायला म्हणून हात पुढं केला
आणि भाकरी घेऊन गेला.

घाट उतरताना शमशाद दर वळणाला
एकेका पोराचं नाव घेत होती.
पोरं चार, वळणं कितीतरी.
मग तिनं आमच्या पोरांची नावं वापरली.

रत्नागिरीतून सहा आसनी.
बसलो अकराजण, एक कोंबडा.
जयगडला फेरीबोट. तिच्यावर ट्रक चढला,
दोन जीपा, बर्फाच्या लाद्या, आणि वर आम्ही.
सिद्धेश्वराच्या तळ्यातल्या नावेपेक्षा मोठं काही
पाण्यावर तरंगतं, हे महानंदाला पटेना.
खाडी संपेपर्यंत ट्रकच्या चाकाला धरून उभी होती.

तवसाळला वडाप नव्हतं. मासळीचा टेंपो होता.
लिंगायताची महानंदा
नाकाला पदर, डोळे सताड उघडे,
गुहागर येईस्तोवर एक शब्द बोलली नाही.
उतरल्यावर बोलली, "परत जाताना पण हाच मिळंल का?"

धोपाव्याला आणखी एक फेरीबोट. दाभोळ. एसटी. हर्णै.
शेवटी आंजर्ल्याच्या खाडीत एका म्हाताऱ्याची होडी.
पूल झालाय, तरी वल्हवतो.
"पूल बोलत नाय," म्हणाला.
आणि मग तोही काही बोलला नाही.

पाणी पहिल्यांदा जिभेला लावलं तेव्हा
नागमणी म्हणाली, उप्पु.
महानंदा म्हणाली, उप्पु.
एकीची तेलुगू, एकीची कानडी,
नऊ वर्षं एका बाकड्यावर बसून
हे आम्हाला माहीत नव्हतं.
शमशादनं थुंकून टाकलं. "नमकच आहे," म्हणाली,
जणू कुणी फसवलं होतं तिला.

उतरलो होतो त्या घराच्या मागच्या अंगणात
दोरीवर टॉवेल. निळा, मध्ये विरलेला.
सवयीनं काठ चाचपला मी.
कोपऱ्यात डबल टाका, जरा तिरका.
त्या दिवशी सुई मोडलेली, मालक मागं उभा,
घाईत उलटं वळून तेच परत शिवलं होतं.
अंगठा लावते मी बँकेत.
सही मला एवढीच येते.

घरमालकीण म्हणाली, जुना झालाय, पाय पुसायला काढणारे,
पाहिजे तर न्या.
मी त्याचा वास घेतला. साबण, ऊन, मासळी,
कुणाच्या तरी लहान मुलाचं डोकं.
सोलापूरचं त्यात काही नव्हतं.
नको म्हणाले. त्याचं बरं चाललंय.

नागमणीनं गुहागरच्या देवळातलं खोबरं
वाटलं अख्ख्या गल्लीत, बालाजीचं म्हणून.
सासूनं डोळ्यांना लावलं.
नागमणी सहा दिवस झोपली नाही,
सातव्या दिवशी घोरत होती.

परवा सुपरवायझरनं विचारलं,
काय बघितलं एवढं?
शमशाद म्हणाली, "रंग कच्चा आहे साहेब.
सकाळी एक, दुपारी एक. आपल्याकडं रिजेक्ट झाला असता."
तो हसला नाही. बाहेर त्रेचाळीस होतं.

लाईट आली आत्ता.
डझनातल्या एका टॉवेलला मी हल्ली
कोपऱ्यात उलटं वळते, तिरकं.
डोरले साहेब फॉल्ट म्हणून बाजूला काढतात.
काही सुटतात त्यांच्या हातून.

पुढची भिशी नागमणीची.
तिरुपतीला जायचं म्हणतेय,
खरोखरच्या.
आम्ही तिघी तिच्याकडं बघायलाव.