नवीन काय ऐकू, विचारलंस

चार वर्षांनी मेसेज आला तुझा,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी:
‘नवीन काय ऐकू?’
बाकी काही नाही. कसा आहेस नाही.
मी महापेला ड्युटीवर, तीन नंबरच्या जनरेटरचं तेल बघत होतो.
हात पुसले,
आणि मुद्दाम सकाळपर्यंत थांबलो.

तर ऐक, प्रणिल.
चिलीच्या तिघांचा एक आलाय, ‘पिएद्रा सोर्दा’.
आठ तारांची गिटार, आणि सगळ्यात जाड तार म्हणजे
ठाणे-बेलापूर रोडवरून रात्री जाणारा ट्रेलर:
आधी खिडकीच्या काचेत येतो, कानात नंतर.
फोनवर लावू नकोस.
गाडीत लाव, सानपाड्याच्या पुलाखाली, इंजिन बंद करून.
चौथ्या गाण्यात सगळे थांबतात
आणि नुसता ॲम्प घुमत राहतो नऊ सेकंद.
मी मोजलेत.

फिनलंडच्या बाईचा तुला आवडणार नाही, तरी सांगतो.
एकटी आहे. चर्चचा ऑर्गन, खाली डबल बेस,
एकच गाणं, त्रेचाळीस मिनिटं.
तू म्हणशील, हिला संपवायला कुणी शिकवलं नाही.
मीही तेच म्हटलं होतं.
मग गेल्या महिन्यात बाबा वाशीला ॲडमिट होते,
आयसीयूबाहेरच्या लोखंडी खुर्चीत तीनदा ऐकलं,
आणि तिसऱ्यांदा संपलं तेव्हा
संपलं म्हणून राग आला.
बाबा बरे आहेत. तू विचारलं नव्हतंस.

जेंटच्या वाटेला जाऊ नकोस सध्या,
सगळे एकाच साच्यातून निघालेत.
रबाळ्याची पत्रा कापायची मशीन
त्यांच्यापेक्षा जास्त चुकते, म्हणून बरी वाटते.

आरडाओरडा नको असेल, घरात बाळ झोपलेलं म्हणून
– मुलगी झाली हे मला नेरूळच्या थॉमसनं सांगितलं,
तारा घ्यायला गेलो तेव्हा –
तर शिलाँगचे चौघे आहेत.
स्वच्छ गळा. कोरस भांडी घासताना तोंडात बसतो
आणि मग लक्षात येतं, अरे, हे तर अकराचं आहे,
अकरा मात्रा, आणि पायाला पत्ता नाही.
तुझ्या खारघरच्या सोळाव्या मजल्यावर
हळू आवाजातही चालेल.
मांडीवर घेऊन ऐक तिला.
पोरांना विषम आकडे आपल्याआधी कळतात,
चार-चार मोजायला नंतर कुणीतरी शिकवतं.

इटलीचे ते म्हातारेही परत आलेत.
सोळा मिनिटांची नुसती प्रस्तावना,
की-बोर्डवर घोडदौड, एका कडव्यात चंद्र तीनदा.
लाज वाटते, पण ऐकतो. थॉमसला सांगू नकोस.

आणि हे सुचवत नाही, फक्त कळवतो:
घणसोलीच्या गाळ्यातल्या हार्ड डिस्कवर
आपली चार गाणी अजून आहेत.
तिसरं, सातातलं.
किती वेळा सांगितलं होतं तुला, रूपक धर मनात,
यात समेवरच खाली असते,
पहिल्या मात्रेला हात मारायचा नाही, हवेत उघडायचा.
तू दर वेळी मारायचास.
आई दारातून विचारायची, यो ढोल फुटला का रं?
आपलं भांडण त्या ठोक्यावरून झालं
असं मी सगळ्यांना सांगतो.
परवा हेडफोन लावून नीट ऐकलं.
ठोका चूकच आहे. अजूनही चूक आहे.
काढून पाहिला,
तर गाणं उभं राहीना.
परत ठेवला.

किट ताडपत्रीखाली आहे.
फ्लोअर टॉमच्या आडोशाला मांजरीनं पिल्लं घातली होती,
ती मोठी होऊन गेली.
भाडं मी भरतोय, तुझा अर्धा वाटा कुठे लिहिलेला नाही.

चिलीवाल्यांचं आधी ऐक.
पुलाखाली, म्हटलं ना.