नऊ नंबरची खोली

सावद्याच्या सरकारी दवाखान्यात
माझी खोली नऊ नंबरची.
लोक आठसमोर रांग लावतात
आणि कुणी बघत नाही असं पाहून
नऊमध्ये शिरतात.

स्टेशनच्या भिंतीवर मात्र तीन फुटी अक्षरं:
गुप्तरोग. एका पुडीत खात्रीचा इलाज.
खाली मोबाईल नंबर.
इतक्या मोठ्यानं ओरडून
कुणी काही गुप्त ठेवतं का?

पूनम सपकाळे, वय बावीस, चौथा महिना.
बोटातून थेंबभर रक्त घेतलं.
पट्टीवर एका रेघेऐवजी दोन उमटल्या.
ती हसली. तिला वाटलं,
दोन रेघा म्हणजे पुन्हा तीच गोड बातमी.

मी खुर्ची जवळ ओढली.
सिफिलिस, म्हणाले. तिला कळलं नाही.
मग जुना शब्द काढला: गरमी.
बाहेर शेहेचाळीस अंशांचा मे.
'गरमी तं साऱ्यायलेच होऊ ऱ्हायली, ताई.'

आता हसायची पाळी माझी होती.
हसता आलं नाही.

तिला सुकी नदी माहीत होती, म्हणून तिथून सुरुवात केली.
एक फोड येतो, दुखत नाही, आपोआप जातो.
माणूस म्हणतो, गेलं.
सुकीचं पात्रही आता कोरडं दिसतं,
पण हातभर वाळू उकर, झिरा लागतो.
तसं हे रक्तात राहतं,
वर काही न दाखवता वर्षानुवर्षं,
आणि पोटातल्या बाळापर्यंत जातं.

'मी तं कुठी गेली नही,' ती म्हणाली.
एवढंच. नंतर पदराचं टोक
बोटाला गुंडाळत बसली.

कुणी आणलं, हा प्रश्न माझ्या फॉर्मवर नाही.
फॉर्मवर आहे: जोडीदाराची तपासणी झाली का?
हो. नाही.
मी पेन खाली ठेवलं आणि सुईबद्दल बोलले.
पेनिसिलीन, कमरेत, फार दुखते.
आज घेतलीस तर बाळाला वाचवता येईल.
तिनं दात आवळले आणि घेतली.

नवव्या दिवशी गोकुळ आला,
दिल्लीला केळी सोडून, डोळे लाल, दारातच उभा.
'माझ्यात काहीच नही. पाहा, एक डाग नही.'
मग खाली बघून:
'भिंतीवरच्या नंबरले आठशे देल्हे व्हते, मागच्या साली.'

म्हणजे फोड होता.
फोड गेला होता, पुडीनं नव्हे,
जायचाच होता म्हणून.

रक्त घेतलं. दोन रेघा. सुई.
तीन महिन्यांनी पुन्हा या, दोघंही.
तोवर जवळ जाऊ नका.
पुढेही, रस्त्यावर असाल, मोह झाला, तर हे वापरा.
दाखवायचा लाकडी नमुना कपाटात,
किल्ली रजेवर गेलेल्या बाईकडे.
मी डब्यातलं केळं काढलं.
दोन ट्रका रोज ज्याच्या हातून भरतात
तो माणूस त्या एका केळ्याकडे बघून लाजला,
मग खदाखदा हसला.

'घडाले पिशवी घालतो ना आपन,' तो म्हणाला,
'डाग पडू नये म्हनून. डाग पडला का
दिल्लीवाला भाव पाडतो.'

म्हटलं, तसंच.
फक्त केळ्याचा डाग जात नाही, हा जातो,
आणि इथे भाव कुणी पाडत नाही.

तो गेल्यावर ते केळं
मी बराच वेळ सोललं नाही.

डिसेंबरात, रविवारच्या बाजारात
पूनम समोरून आली, कडेवर टोपडं घातलेलं पोर.
तिनं मला पाहिलं आणि पाहिलं नाही.
मीही वांगी निवडू लागले.
ओळख न दाखवणं हाही या नोकरीचा भाग आहे,
फक्त तो कुठल्या रजिस्टरमध्ये लिहीत नाहीत.
पोराला हे नियम माहीत नव्हते.
आईच्या खांद्यावरून ते टक लावून बघत राहिलं.
गालावर काजळाची तीट,
तेवढाच काय तो डाग.

'बाई, भरताची देऊ का भाजीची?'
वांगीवाली दुसऱ्यांदा विचारत होती.