कृतीचे वर्णन

वकीलबाई विचारतात, नेमकं काय चोरीला गेलंय?
मी म्हणतो, ळ.
त्या पेन खाली ठेवतात.

मखमलाबाद रोडला नवं दुकान झालंय.
फ्लेक्सवर पाच फुटी ‘मिसळ’
आणि तिच्या शेवटी माझा ळ,
उजव्या फुग्याच्या पोटात ती बारकी गाठ घेऊन.
मालक पोरगा बरा आहे, खुर्ची दिली, ताक दिलं.
म्हणाला, काका, अ‍ॅपमध्ये ‘जुनं नाशिक’ टाकलं
की अशीच अक्षरं येतात,
महिन्याला चारशे रुपये, हवी तेवढी.

गाठ हाताची नाही, अंगठ्याची आहे, बाई.
शहाऐंशी साली दहीपुलापाशी
‘कमळ ड्रायक्लीनर्स’ रंगवताना शिडी सरकली.
हाड वाकडं जुळलं.
तेव्हापासून ब्रश त्या वळणावर अडायचा, जरासा,
रंग साचायचा.
मी पुसायला गेलो तर मुनीर उस्ताद म्हणाले,
राहू दे निवृत्ती,
आता तुला सही करायची गरज नाही.

मग गूळ, नारळ, फळे, काळे आणि मंडळी,
भद्रकालीपासून टाळकुटे पुलापर्यंत.
एकही शब्द ळने सुरू होत नाही;
वाचणारा त्याच्यापाशी पोचेपर्यंत
गिऱ्हाईक होऊन दुकानात शिरलेला असायचा.

एक कॅमेरावाला मुलगा यायचा रविवारी,
शटर उघडायच्या आधी, उन्हं तिरपी असताना.
त्याने खरंच प्रेमाने काढले फोटो.
मीच ओल्या फडक्याने पाट्या पुसून दिल्या,
मीच शिडी धरली.
त्याने त्या जगाला दाखवल्या.
जगात कोण कोण बसलंय
हे त्याला तरी कुठे माहीत होतं.

अंगठा हवाच होता
तर मागायचा तरी.
पुराणातसुद्धा मागून घेतला होता.

बाई म्हणतात, नमुना काढून दाखवा.
त्यांच्या टेबलावरच्या मार्करने मी काढतो.
त्या फोन शेजारी धरतात,
इकडे बघतात, तिकडे बघतात,
खाली गंगापूर रोडवर कुणीतरी हॉर्न दाबून धरलेला.
काका, रागावू नका,
फ्लेक्सवरचाच जास्त तुमचा वाटतो.

वाटणारच.
तो अजून तिशीत आहे.
त्याला साखर नाही, मोतीबिंदू नाही,
मुनीर उस्तादांच्या मयतीहून येऊन
त्याच संध्याकाळी ‘केळी वेफर्स’ रंगवायला
तो बसलेला नाही.
माझा ळ पुढे चालत राहिला,
आता कापतो, गाठ कधी पडते, कधी नाही.
त्याला अंगठाच नाही
आणि गाठ रोज तिथल्या तिथे.

बाई बराच वेळ गप्प.
मग ड्रॉवरमधून फॉर्म काढतात.
नाव: निवृत्ती बाळा धात्रक.
धंदा: मी ‘पेंटर’ सांगतो, त्या ‘कलाकार’ लिहितात.
कृतीचे वर्णन:
इथे त्या फॉर्म माझ्याकडे सरकवतात.

मी लिहितो,
ळ.
पडल्यानंतरचा.