काचेचं पोट

सकाळी सव्वाआठला मी पोट मांडते.
दुहेरी भिंतींचं काचेचं भांडं, भिंतींमधून फिरणारं कोमट पाणी,
सदतीस अंश, पुढे नाही, मागे नाही,
तळाशी गरगरणारं इवलंसं चुंबक,
वरून दोन नळ्या: एक आम्लाची, एक दुधाची.
रजिस्टरात ह्याला मॉडेल म्हणतात.
शिपाई धोंडू नाचरेकर म्हणतो, बाळ उठलं काय?
ह्याला उचकी नाही.
हे कुणाच्या खांद्यावर गुळणी टाकत नाही.

खऱ्याचं पोट पहिल्या दिवशी रातांब्याएवढं,
आणि त्यात आंबट फारसं काही नसतंच.
जाळायचं कसं ते शिकायला त्याला वेळ लागतो.
म्हणून मी आम्ल थेंबाथेंबानं सोडते,
मोठ्या माणसाच्या मानानं अगदीच पाणचट,
आणि बघत बसते:
गाईच्या दुधाचा गोळा बसतो, घट्ट, चिवट.
बाईच्या दुधाची नुसती पिसं होतात,
उशिरापर्यंत ठेवलेल्या सोलकढीसारखी, हलकी, तरंगती.

हे दूध सुगरा होडेकरचं. राजिवड्याची.
मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात आला,
सिव्हिलमध्ये पेटीत आहे,
दर दोन तासांनी नळीतून चार मिली.
तिला येतं त्याहून कितीतरी जास्त.
"पोर तिकडच्या काचेत, दूध इकडच्या काचेत,"
बाटली देताना म्हणाली, "मी तेवढी बाहेर."

आईच्या दुधात एक किल्ली असते.
पोटात ती गप्प राहते;
आतड्यात पित्त भेटलं की फिरते
आणि स्निग्धाचं कुलूप उघडते.
म्हणजे पोराला जे अजून जमत नाही
ते दूध स्वतःच करून देतं.
बासष्ट अंशांवर अर्धा तास तापवा,
जंतू मरतात, किल्लीही मरते.
आमचा सगळा प्रकल्प एवढाच आहे:
कच्चं एका भांड्यात, तापवलेलं दुसऱ्या,
आणि दर दहा मिनिटांनी मी.

लहानपणी गाय व्याली की
आम्ही खरवसाच्या वड्यांवर तुटून पडायचो.
वासराचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आतड्याची पायरी आली की कपाटातून बरणी काढते.
बरणीवर छापलंय: डुकराच्या स्वादुपिंडापासून.
तीन आठवडे मी ती लेबल भिंतीकडे करून ठेवत होते.
सहीच्या कागदावर ती ओळ नव्हती.
मग एका गुरुवारी, बाटली घेता घेता,
सांगून टाकलं.

सुगरा बराच वेळ बरणीकडे बघत राहिली.
खिडकीबाहेर भाट्याच्या खाडीत ओहोटी लागली होती.
"ह्यातलं थेंबभर तरी माझ्या पोराकडे जातं?"
नाही म्हटलं. मोजतो आणि ओततो.
"मग खाऊ दे काचेला," ती म्हणाली,
"काचेला कसला रोजा."
दाराशी जाऊन परत आली.
"पण आधी विचारायचं होतंत."
हे मी रजिस्टरात लिहिलं नाही. तिथे तसा रकाना नाही.

पचन थांबवायचं तर बर्फ लागतो.
आमचं यंत्र दिवाळीपासून बंद,
म्हणून धोंडू मिरकरवाड्याच्या बर्फखान्यातून पोतं आणतो.
तोच बर्फ सुगराच्या नवऱ्याच्या बोटीवर चढतो.
साठावं मिनिट. नळ्या बर्फात खुपसते.
दूध जिथे होतं तिथे थांबतं,
अर्धं पचलेलं, जरा बांगड्याचा वास लागलेलं.

कालचा तक्ता:
कच्च्यातलं स्निग्ध बरंच सुटलं, तापवलेल्यातलं कमी.
सरांना हवा होता तसाच आकडा.

आज सुगरा आली नाही.
फोन केला तर कुजबुजली, "आता नको,
आज पहिल्यांदा छातीशी दिलाय.
ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो."
किती मिली, मी विचारलं. सवयीनं.
"काय माहीत," ती म्हणाली.

पलीकडे काहीतरी बारीक आवाज झाला.
मी कान लावून उभी,
आणि मागे चुंबक
रिकाम्या भांड्यात गरगरत होतं.