रांजणाशेजारी

छपरावर नाही म्हणजे नाही, असं वारसा खात्याचं पत्र.
हजार वर्षांचा घुमट, दगडी कौलांवर दगडफूल,
तिथं खिळा ठोकणारा अजून जन्मायचाय.
म्हणून ख्वारामझेनं त्या काळ्या पाट्या बसवल्या
डुकरांच्या रिकाम्या खुराड्यावर, अक्रोडाच्या पलीकडे,
खालून, अलाझानीच्या खोऱ्यातून मान वर करणाऱ्याला
पूर्वीसारखा नुसता मठ दिसावा.

बॅटरीचं कपाट मात्र चौघांनी दोर लावून
मद्यघरात उतरवलं,
जिथं गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण
तोंडावर दगड ठेवून द्राक्षरस सांभाळतात.

या देशात बापाला मामा म्हणतात.
म्हणून म्हातारा इओथाम सगळ्यांचा मामा,
आणि रुसतोही अगदी आपल्याकडच्या मामासारखा.
"माझ्या रांजणांशेजारी हे काय आणून ठेवलंस?"

"मामा, तुमच्या रांजणात तरी काय आहे?
सुगीपर्यंतचं ऊनच ना, झाकून ठेवलेलं?"

"माझं मुरतं. तुझं?"

हातातला पाना तिनं दोनदा पुसला.
"झिजतं," म्हणाली. "बारा वर्षं. फार तर पंधरा."

"म्हणजे माझ्याइतकंच,"
आणि आपलं स्टूल त्यानं वीतभर सरकवलं.

त्या रात्री जागराच्या प्रार्थनेला
डिझेलचं इंजिन पहिल्यांदाच बंद.
चाळीस वर्षं ते भिंतीमागे खोकत होतं;
त्याच्या घरघरीवर मात करता करता
भिक्षूंचा सूर कधी अर्ध्या पट्टीनं वर सरकला
कुणालाच कळलं नव्हतं.
आज शांततेत तो एकदम उघडा पडला,
बहिऱ्याशी बोलून आलेल्या माणसासारखा मोठ्यानं.
सगळे थांबले. खाली उतरून
पुन्हा धरणार, तेवढ्यात

टप्.

उत्तरेच्या भिंतीच्या आत कुठंतरी.
तिथं एक संत घोड्यावर बसलेला,
त्या घोड्याच्या पोटाला गेली कित्येक वर्षं फूग;
म्हातारं झालं चित्र, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं.

टप्.

किती वर्षं?
हे पाणी रोज हाक मारत असणार
आणि आम्ही दिव्यापायी इंजिन चालवत होतो.
असं इओथाम म्हणाला नाही.
तो नुसता गेला, आणि रस उकळतोय की निवला ते ऐकायला
रांजणाला लावतात तसा
भिंतीला कान लावून उभा राहिला.
त्याच्या दाढीला चुन्याचा भुगा.

ख्वारामझे मद्यघरात जाऊन आकडा बघून आली.
त्रेसष्ट. पहाटेपर्यंत पुरेल, ढग आले तर सांगता येत नाही.

"शिडी आणा," मामा म्हणाला.
"आणि पोरी, तो दिवा इकडे धर.
अजून जवळ.
अजून. घाबरतेस कशाला,
याला काजळी नाही म्हणालीस ना?"